फॉरमॅट मारण्याआधी कॅबिनेट उघडा

अमळनेरच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: "पाच वर्षांपूर्वी जोडून घेतलेला कॉम्प्युटर घरात आहे. मुलगी बारावीला, तिचे फॉर्म, नोट्स, माझे शेतीचे कागद सगळं त्यावरच. उन्हाळा लागल्यापासून दुपारी आपोआप बंद होऊन परत चालू होतो. सकाळी लावला की तारीख जुनी दाखवतो आणि बँकेची साईट उघडत नाही, 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' म्हणतो. मधूनच निळा पडदा येतो. हळू तर इतका झालाय की बटण दाबून चहा पिऊन यावं. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारून दिला. पंधरा दिवस बरा चालतो, मग परत तेच. व्हायरस असेल का? नवीनच घ्यावा का?"

व्हायरस नसावा, आणि नवीन घ्यायची वेळही बहुधा आलेली नाही. तुमच्या पत्रातले दोन शब्द मला सगळ्यात कामाचे वाटले: "दुपारी" आणि "उन्हाळा लागल्यापासून". विंडोजला ऊन कळत नाही. जो बिघाड घड्याळ आणि ऋतू बघून येतो, तो सॉफ्टवेअरचा क्वचितच असतो. तो उष्णतेचा असतो, धुळीचा असतो, नाहीतर लाइटचा. आपल्याकडे, म्हणजे धुळे-जळगाव-नंदुरबारच्या पट्ट्यात, घरगुती कॉम्प्युटरच्या ज्या तक्रारी दुकानात येतात त्यांचा मोठा हिस्सा या तिघांतच संपतो. फॉरमॅटने यातलं काहीच बदलत नाही. डिस्क रिकामी झाल्यामुळे चार दिवस हलकं वाटतं, एवढंच. शिवाय दर वेळी कुणाचे तरी लग्नाचे फोटो जातात ते वेगळंच.

आधी पुरावा बघा. स्टार्टवर क्लिक करून "रिलायबिलिटी" असं इंग्रजीत टाईप करायला लागा. "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" असं नाव वर येईल. ते उघडलं की तारखेवार रांग दिसते आणि जिथे काही बिनसलं तिथे लाल फुली असते. फुलीवर क्लिक केलं की खाली वेळ दिसते. "विंडोज नीट बंद झाली नव्हती" अशा अर्थाची नोंद दुपारी एक ते चारच्या मध्येच पडलेली असेल, तर अर्धं निदान झालं. (तारीख मागे गेलेली असताना नोंदीही चुकीच्या दिवशी पडतात, हे मात्र ध्यानात ठेवा.) आणखी खोलात जायचं असेल तर "इव्हेंट व्ह्यूअर" उघडून सिस्टिमच्या नोंदींत "कर्नल-पॉवर 41" शोधा. कॉम्प्युटर अचानक गेला की ही नोंद पडतेच. तिच्या तपशिलात "बगचेककोड" नावाची ओळ असते. तिथे शून्य असेल, तर विंडोजला मरायच्या आधी बोलायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे करंट तुटला, तापून बंद पडला किंवा जागच्या जागी गोठला. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर तो निळ्या पडद्याचा. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला देऊन काही होत नाही.

आता उष्णता. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतल्याच हवेने त्याला गार करतो, त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा गार कधीच होत नाही. समजा काम करताना तो खोलीपेक्षा 35 अंशांनी जास्त तापतो. जानेवारीत खोली 25 वर, तर प्रोसेसर 60 वर, मजेत. मेमध्ये खोली 43 वर, तर तो 78 वर, तरीही ठीक. पण मध्ये धूळ बसली आणि 35 चा फरक 55 झाला, की जानेवारीत 80 वर चालणारा तोच कॉम्प्युटर मेमध्ये 98 ला जातो. बहुतेक प्रोसेसर 100 च्या आसपास आल्यावर स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतात, तेव्हा तुम्हाला तो "हळू" वाटतो. तेवढ्याने भागलं नाही की सरळ बंद. म्हणूनच हिवाळ्यात तक्रार नसते आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला सुरू होते. धूळ मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून साचत असते.

आपली धूळही साधी नाही. दिवाळीनंतर कापूस निघायला लागला की जिनिंगच्या आसपासच्या वस्तीत रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. पंखा ते ओढतो आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर जमवत जातो. वरून बघितलं तर पंखा फिरताना दिसतो, सगळं छान वाटतं. पण पंख्याचे स्क्रू काढून तो उचलला की खाली पट्ट्या दिसतच नाहीत. गोधडीचा तुकडा कापून बसवल्यासारखा करडा थर असतो, नखाने उचलला तर अख्खा एकसंध निघतो. पंखा त्या थरावर वारा घालत असतो आणि खाली थेंबभर हवा जात नाही. तो थर काढल्यावर तपमान उतरतं ते स्क्रीनवर डोळ्यांनी बघता येतं.

साफसफाई घरी करता येते. कॉम्प्युटर बंद करा, पाठची वायर काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून धरा म्हणजे आतला उरलासुरला करंट निघून जाईल. कॅबिनेटची डावी बाजू उघडा. मऊ कोरडा रंगाचा ब्रश आणि हाताने धरायचा छोटा ब्लोअर पुरतो. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. ओलं फडकं नको. आणि कॅबिनेट उचलून पंक्चरच्या दुकानात नेऊ नका. आपल्याकडे हा सर्रास प्रकार आहे, पण कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि हवेबरोबर त्याचे शिंतोडे बोर्डावर जातात. आत हात घातलाच आहे तर प्रोसेसरच्या पंख्याचे चारही पाय तपासा. इंटेलबरोबर येणाऱ्या पंख्याला प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक जरी उचकली तरी ॲल्युमिनियमचा ठोकळा एका बाजूने प्रोसेसर सोडतो. मग कितीही साफ करा, उपयोग शून्य. पाच वर्षांत मधली थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता ठोकळ्याला पोचवणारा लेप) वाळून खडूसारखी होते. ती बदलणं कठीण नाही, पण पहिल्यांदा करत असाल तर कुणाला तरी सोबत घ्या.

आता कूलर. उन्हाळ्यात घरातला कूलर जिथे, तिथेच कॉम्प्युटर, असं जवळपास प्रत्येक घरात असतं. कूलरची हवा गार असते पण दमट असते, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. कूलरच्या थेट झोतात ठेवलेल्या कॅबिनेटच्या मागच्या पोर्टांवर पांढरट क्षार चढलेला मी पाहतो, रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या पाहतो. कॉम्प्युटर खोलीत असू द्या, पण झोताच्या बाजूला. कॅबिनेट जमिनीवर नको, लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात तर मुळीच नको. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा.

कूलरचा दुसरा उपद्रव लाइटचा आहे. कूलर, फ्रीज आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर असतील, तर मोटर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज बसतं. नळ येतात त्या दिवशी तर गल्लीभर मोटारी एकदम लागतात आणि ट्यूबलाइट डोळे मिचकावायला लागते. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे एसएमपीएसमध्ये, एवढी साठवण असते की करंट पूर्ण तुटला तरी पूर्ण भारावर तो साधारण 16 मिलिसेकंद तग धरतो. आपल्या 50 हर्ट्झच्या लाइटचं एक आवर्तनच 20 मिलिसेकंदांचं. म्हणजे पूर्ण भार असताना एक आवर्तन चुकलं की खेळ संपला. तेही एसएमपीएस नवा असताना. त्याच्या आत करंट साठवणारे कपॅसिटर असतात, आणि त्यांचा ढोबळ नियम असा की तपमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. पाच उन्हाळे काढलेला स्थानिक बनावटीचा एसएमपीएस कागदावर "450 वॅट" म्हणत असला तरी त्याचा दम बराच कमी झालेला असू शकतो. दुपारी आपोआप रिस्टार्ट होणाऱ्या मशीनमध्ये सफाईनंतरही फरक पडला नाही, तर माझा पुढचा संशय एसएमपीएसवर असतो. ओळखीच्या दुकानातून दोन दिवस दुसरा लावून बघा. याहून खात्रीची तपासणी नाही. स्वतः मात्र एसएमपीएस उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात बराच वेळ जीवघेणा करंट राहतो.

इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर त्याच्या मागे किंवा पुढे एक छोटा खटका असतो, "यूपीएस" आणि "नॉर्मल" असा. पंखे-ट्यूबसाठी कुणीतरी तो नॉर्मलवर ठेवलेला असतो. त्यात लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो आणि कॉम्प्युटर दर वेळी पडतो. खटका यूपीएसवर करा. वेगळा यूपीएस असेल तर त्यातली 12 व्होल्टची छोटी बॅटरी दोन-तीन वर्षांनी संपते, आपल्या उन्हात त्याच्याही आधी. तपासायची रीत सोपी: सगळं सेव्ह करा आणि यूपीएसचा भिंतीवरचा खटका बंद करा. पाच मिनिटंही टिकला नाही तर बॅटरी बदला. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो तापताना यूपीएसला झेपत नाही.

अर्थिंगबद्दल लोक हसण्यावारी नेतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की झिणझिणतं का? झिणझिणत असेल तर तुमच्या सॉकेटला अर्थ नाही. एसएमपीएसमध्ये गडबड गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. त्यांनी अर्थमध्ये सोडायचा बारीकसा करंट अर्थ नसेल तर पत्र्यावरच राहतो, आणि मीटर लावलं तर जवळपास अर्धं व्होल्टेज, शंभर-सव्वाशेच्या घरात, दिसतं. माणसाला त्याने बहुधा काही होत नाही, पण पेनड्राइव्ह लावताना पोर्ट जातात, डिस्कच्या नोंदी बिघडतात, मॉनिटरची केबल लावताना ठिणगी दिसते. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा ॲडॅप्टर लावणं बंद करा. वायरमनला बोलावून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तिन्ही मापं घ्यायला सांगा. पहिली दोन जवळजवळ सारखी आली पाहिजेत आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थिंगचा खड्डा असूनही माप बिघडलेलं असेल तर मे महिना आहे हे आठवा. तापीकाठची काळी जमीन या दिवसांत भेगाळते आणि खड्ड्यातली माती कोरडी ठणठणीत होते. खड्ड्यात दोन-तीन दिवस बादलीभर पाणी ओतून परत माप घ्या.

वळवाचे ढग दिसले की प्लग आणि इंटरनेटच्या राउटरचा ॲडॅप्टर दोन्ही काढा. नुसता खटका बंद करून वीज थांबत नाही.

आता तारखेची गोष्ट, कारण तुमच्या निळ्या पडद्याचं मूळही मला तिथेच दिसतंय. मदरबोर्डवर साधारण रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो, सीआर2032, तीन व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ आणि बायोसच्या (म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या, बोर्डातल्याच प्रोग्रॅमच्या) सेटिंग तो सांभाळतो. भिंतीवरचा खटका चालू असेल तर एसएमपीएसच हे काम करतो आणि सेल खर्च होत नाही. पण आपण सगळेच रात्री बोर्डाचा खटका बंद करणारे, आणि ते बरोबरच आहे. फक्त मग सेल तीन ते पाच वर्षांत संपतो. संपला की सकाळी तारीख मागे. आणि तारीख मागे गेली की बँकेची साईट उघडणार कशी? प्रत्येक सुरक्षित साईटच्या प्रमाणपत्रावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत" असं लिहिलेलं असतं. तुमचा कॉम्प्युटर स्वतःला पाच वर्षं मागे समजत असेल, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. म्हणून तो अडवतो. अशा वेळी "ॲडव्हान्स्ड"वर जाऊन जबरदस्तीने पुढे जायचा रस्ता असतो. बँकेच्या साईटवर तो कधीही वापरू नका. तारीख दुरुस्त करा, साईट आपोआप उघडेल.

सेलची गंमत इथे संपत नाही. तो गेला की बायोसच्या सेटिंगही कारखान्याच्या मूळ जागी जातात. डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची, ही त्यातलीच एक. विंडोज टाकताना ती एक होती, सकाळी दुसरी झाली, की विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि निळ्या पडद्यावर "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" येतं. कधी नुसतं काळ्या पडद्यावर "बूट डिव्हाइस मिळालं नाही". मग दुकानात जातो, दुकानदार विंडोज नव्याने टाकतो, ती आताच्या सेटिंगवर बसते, चालते. फॉरमॅटने रोग गेला असं वाटतं! पुढे कुणी बायोसमध्ये काही बदललं आणि सेलने ते परत विसरलं, की पहिले पाढे पंचावन्न. सेल 50 रुपयांच्या आत मिळतो. घड्याळवाल्याकडेही मिळतो. बदलण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मग सेटिंग परत लावायला अडचण येत नाही.

निळा पडदा येईल तेव्हा खालच्या ओळीतला कोड वाचायचा असतो, आणि तो दिसतो न दिसतो तोच मशीन रिस्टार्ट होतं. त्यासाठी सिस्टिमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये "स्टार्टअप अँड रिकव्हरी"त जाऊन "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट"ची खूण काढा. आता पडदा तिथेच थांबेल, फोटो काढा. (विंडोज 11 च्या ताज्या अपडेटमध्ये हा पडदा निळ्याचा काळा झाला आहे, घाबरू नका, तो तोच आहे.) कोडमध्ये "मेमरी मॅनेजमेंट" असेल तर पहिला हात रॅमला घाला. "व्हिया" (WHEA) या अक्षरांनी सुरू होत असेल तर हार्डवेअर, आणि आपल्याकडे बहुधा उष्णता किंवा एसएमपीएस. कोडात एखाद्या फाइलचं नाव आलं तर बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर; अलीकडे काय नवीन टाकलं ते आठवा आणि काढा.

रॅमचं खोडरबर तर तुम्हाला माहीतच असेल. ते खरंच चालतं, थट्टा नाही. रॅम काढा, खालच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, भुगा कोरड्या कापडाने झटका, आणि दोन्ही बाजूंनी "कट्" आवाज येईपर्यंत दाबून बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून दोन-दोन दिवस चालवा. स्टार्टमध्ये "विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक" शोधलं की रिस्टार्ट करून तपासणीही करता येते. त्यात एकही चूक निघाली तर ती रॅम ठेवू नका, कितीही पुसली तरी.

बटण दाबल्यावर चहा होईपर्यंत थांबावं लागतं, त्या हळूपणाचं कारण मात्र वेगळं असणार. टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र) आणि डिस्कचा रकाना बघा. काही न करताही तिथे 100 टक्के असेल आणि डिस्क जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर सध्याच्या विंडोजला ती पुरत नाही. सॉफ्टवेअरचे कसलेही "क्लीनर" टाकू नका. त्यातले निम्मे स्वतःच त्रास असतात. एसएसडी, म्हणजे आत काही फिरत नाही अशी वेगवान डिस्क, बसवा. पाच वर्षांच्या मशीनला याहून मोठा फरक देणारा खर्च दुसरा नाही, आणि दुकानदाराला सांगा की आहे ती विंडोज जशीच्या तशी उतरवून द्या, फॉरमॅट नको.

पण त्याआधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. "क्रिस्टलडिस्कइन्फो" नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. वर निळा "गुड" दिसला तर छान. पिवळा "कॉशन" दिसला तर खालच्या यादीत 05 आणि सी5 या ओळी बघा. शेवटच्या रकान्यात शून्याशिवाय काही असेल तर डिस्कवर खराब जागा तयार होत आहेत. अशा वेळी पहिलं काम फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवणं. सगळीकडे "चेक डिस्क चालवा" असा सल्ला मिळतो. मरणाऱ्या डिस्कवर तो चालवला तर ती खराब जागांवर तासन् तास डोकं आपटत राहते आणि जो डेटा निघाला असता तोही जातो. आधी कॉपी, मग बाकी सगळं. आणि यादीत सी7 या ओळीचा आकडा वाढत असेल तर दोष डिस्कचा नसतो, तिच्या लाल किंवा काळ्या डेटा केबलचा असतो. केबल बदला, डिस्क वाचली. उंदराने कुरतडलेली केबलही मी काढतो आणि कुंभारीण माशीने मातीचं घर बांधून बुजवलेला पोर्टही. कोड कुठल्याच पुस्तकात नसतो असे बिघाड.

एवढं करूनही विंडोज कुरकुरत असेल, तर तिच्या फाइली दुरुस्त करायची सोय तिच्यातच आहे. कमांड प्रॉम्प्ट "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करून उघडा. आधी "डिझम"ची दुरुस्ती (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth) चालवायची, मग "एसएफसी", स्पेस, तिरकी रेघ आणि "स्कॅननाऊ". हा क्रम महत्त्वाचा, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली घेतो तो साठाच डिझम दुरुस्त करतो. लोक उलट करतात आणि "काही झालं नाही" म्हणतात.

एक खूपच साधी गोष्ट राहून जाते. विंडोज 10 आणि 11 मध्ये "शट डाउन" केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे तिचा गाभा झोपवून डिस्कवर ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर "अप टाइम" बघा. रोज बंद करूनही तिथे अकरा-बारा दिवस दिसतील. म्हणून काही अडलं की शट डाउन नव्हे, रिस्टार्ट करा. प्रिंटर अडणं, आवाज जाणं, वायफाय न दिसणं, यातलं बरंच तिथेच मिटतं.

व्हायरसबद्दल विचारलंत म्हणून. विंडोजमधला डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे, अपडेट चालू ठेवले तर. त्याच्यावर दुसरा अँटिव्हायरस चढवून मशीन आणखी जड करू नका. डिफेंडर बंद करायला लावणारी एकच मंडळी असतात, फुकट ऑफिस आणि फुकट विंडोज "ॲक्टिव्हेट" करून देणारी. खरे व्हायरस त्याच दाराने येतात. फॉर्म भरायच्या सीझनमध्ये झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह फिरून येतो आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसतात. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका, घात तिथेच होतो. फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. आधी डिफेंडरने पेनड्राइव्ह स्कॅन करा, मग व्ह्यूमध्ये लपलेल्या फाइली दाखवा, तरी न दिसल्यास "प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स" लपवण्याची खूणही काढा, हवं ते कॉपी करून घ्या आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. हो, इथे फॉरमॅट चालतो. पुढच्या वेळी प्रिंटसाठी फाइल ईमेलने पाठवा.

आणि ब्राउझरमध्ये भोंगा वाजवत "तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा" असं पान आलं, तर तो बिघाड नाही, सापळा आहे. फोन करू नका, कुणालाही एनीडेस्कचा (दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरचा) आकडा देऊ नका. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, वेळ लावू नका.

विंडोज 10 वर असाल तर तिचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. तुमचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल आणि बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) चालू असेल, तर विंडोज 11 वर जाता येतं. टीपीएम बऱ्याच बोर्डांवर असूनही बंद असतं. दुकानदार "चालणार नाही" म्हणाला तरी आधी बायोस बघा. बाजारात "ऑफिसमधून निघालेला आय5" म्हणून तिसऱ्या-चौथ्या पिढीचे डबे मिळतात, ते याच कारणाने स्वस्त आहेत.

तुम्ही सुरुवात अशी करा: आजच मुलीच्या नोट्स आणि शेतीचे कागद बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. मग सेल, मग सफाई, मग आठ दिवस तसंच चालवा. दुपारी दोनला पंख्याखाली, कूलरच्या झोताबाहेर. तेवढ्यात परत बंद पडला तर एसएमपीएस बदलून बघा. निळा पडदा आला तर त्याचा फोटो, आणि रिलायबिलिटीच्या पानाचाही फोटो ठेवा, कुठल्याही दुकानात गेलात तरी "याले काय झालं भो?" याच्या उत्तराची सुरुवात त्या दोन फोटोंनी होईल. नवा सेल टाकूनही तारीख मागे जात असेल तर मात्र बोर्ड दाखवायला न्यावा लागेल. त्या दिवशी फक्त कॅबिनेट न्या, मॉनिटर आणि कीबोर्ड घरीच राहू द्या, आणि डिस्क आतून काढून ठेवायला हरकत नाही.